पदवी अभियंत्याची, वाट सुरांची

पुणतांबे हे गोदाकाठचे गाव आमच्या जिल्ह्यात निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या कारणांनी ठाऊक आहे. वारकऱ्यांना चांगदेवांच्या समाधीमुळे, रेल्वेच्या प्रवाशांना शिर्डीचा फाटा तेथून फुटतो म्हणून, आणि शेतकऱ्यांना २०१७ सालच्या संपामुळे. संगीताची आवड असणाऱ्यांनी ते आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवे. १२ जानेवारी १९१८ रोजी याच गावी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. चित्रपटसृष्टी त्यांना सी. रामचंद्र या नावाने ओळखते. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा तरुण मुंबईस गेला आणि पुढे 'शहनाई', 'पतंगा', 'अलबेला', 'अनारकली' अशा चित्रपटांच्या गीतांनी त्याने देश डोलावला.

'अलबेला' १९५१ सालचा. त्यातील गीतांत जी पाश्चात्त्य ठेक्याची झिंग आहे, ती एकट्या चितळकरांची नव्हे. त्यांच्याबरोबर त्या काळी सहायक म्हणून काम करीत होता गोव्याच्या हळदोणे गावचा एक कॅथलिक ट्रम्पेटवादक, आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत त्याला चिक चॉकलेट म्हणत. या वाझच्या आईची इच्छा फार साधी होती. मुलाने मेकॅनिक व्हावे, यंत्रे दुरुस्त करावीत आणि चार पैसे अब्रूने मिळवावेत. मुलाच्या डोक्यात मात्र संगीतावाचून दुसरे काही नव्हते. आईचा हट्ट आणि मुलाचा नाद यांचे हे जुनेच भांडण आहे, आणि आमच्या धर्मग्रामांतील किती घरांत ते आजही चालू असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या संगीतकाराच्या बाबतीत हे भांडण वेगळ्या रीतीने मिटले. शंकर महादेवन हे आधी रीतसर अभियंता झाले, नोकरीस लागले आणि मग संगीताकडे आले. त्यांचे चरित्र सांगणारे बहुधा येथेच थांबतात: नोकरी सोडली, धाडस केले, यश मिळाले. आम्हांस ही गोष्ट इतकी सरळ वाटत नाही. अभियंता संगीतकार होऊ शकला, कारण मधल्या काळात संगीत तयार करण्याची पद्धतच बदलली होती. त्या बदलात ज्यांची कामे गेली, त्यांत आपल्या समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. म्हणून ही हकिगत थोडी मागून सांगणे भाग आहे.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन वाजवायला आणि गायनवृंदात गायला शिकवीत. शिकविणारा तो मेस्त्री. पोर्तुगीज भाषेतील 'मेस्त्र' म्हणजे गुरू, उस्ताद. आपण गवंड्याला, सुताराला, इंजिन दुरुस्त करणाऱ्याला जे 'मिस्त्री' म्हणतो, तो शब्दही तेथूनच आला. वाझच्या आईला हवा होता तो मिस्त्री आणि गोव्याच्या देवळात सूर शिकविणारा तो मेस्त्री हे शब्दापुरते तरी एकच.

या मेस्त्रींच्या हाताखालून निघालेली मुले उदरनिर्वाहासाठी मुंबईस आली. तेथे बोलपट बोलू लागले होते, पण त्यांचे बहुतेक संगीतकार चाली रचीत त्या हार्मोनियमवर, तोंडी. पन्नास-साठ वादकांनी एकाच वेळी काय वाजवावे हे तोंडी सांगता येत नाही. ते लिहावे लागते. ही लिहिण्याची विद्या गोव्याच्या ख्रिस्ती वादकांजवळ होती. रेईस मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवीत. मुंबईत आल्यावर शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन त्यांनी वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल शिकले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचा सहभाग होता. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये नायकाचे नाव अँथनी गोन्साल्विस आहे. प्यारेलालनी आपल्या गुरूला केलेला तो नमस्कार. पडद्यावर लोकांनी त्या नावाला हसून टाळ्या दिल्या. त्या नावाचा खराखुरा गृहस्थ १९६५ सालीच अमेरिकेस निघून गेला होता आणि २०१२ साली गोव्यात वारला, हे फार थोड्यांना माहीत होते.

घर बांधताना मालक सांगतो की दिवाणखाना हवेशीर हवा. तुळई किती जाडीची, पाया किती खोल, हे नकाशा काढणारा ठरवितो. चित्रपटसंगीतात हे नकाशे आमच्या लोकांनी काढले. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली आणि आली तेव्हा 'सहायक' म्हणून. अभियंता हा शब्द संगीताला लावायचाच झाला, तर महाराष्ट्राच्या संगीतातील पहिले अभियंते हे होत, असे आमचे मत आहे.

आता चेंबूरकडे वळू. शंकर महादेवन यांचा जन्म ३ मार्च १९६७ चा. घराणे तमिळ भाषिक, मूळ केरळातील पालघाटचे, वास्तव्य मुंबईतील चेंबूरमध्ये. (त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मार्च १९६७ रोजी, रोमहून उपासनेतील संगीताविषयीचा 'मुसिकाम साक्रम' हा आदेश निघाला. व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना मोकळीक दिल्यानंतर उपासनेत कोणते संगीत असावे, याचा ऊहापोह त्यात आहे. हा योगायोग केवळ तारखांचा, पण संगीताच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असा.) महादेवन यांचे शालेय शिक्षण झाले ते चेंबूरच्या अवर लेडी ऑफ पर्पेच्युअल सकर या शाळेत, म्हणजे नित्य सहाय्यक मातेच्या नावाने चालणाऱ्या धर्मग्रामाच्या शाळेत. घरी कर्नाटक संगीताचे वातावरण होते. पाचव्या वर्षापासून वीणेवर बोटे फिरू लागली. गाण्याचे शिक्षण टी. आर. बालामणी यांच्याकडे झाले.

आणि मग मराठी संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट घडली. हा तमिळ मुलगा श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकू लागला. खळेकाकांची चाल ऐकायला सोपी आणि गायला कठीण, असे गायक मंडळी म्हणतात, ते खरे आहे. शब्दाचा अर्थ आणि स्वराचे वळण यांत खळ्यांनी कधी तडजोड केली नाही. पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांनी गायिलेल्या 'राम श्याम गुणगान' या खळ्यांच्या ध्वनिमुद्रिकेत छोट्या शंकरची वीणा आहे. कर्नाटक पद्धतीचे काटेकोर गणित एका बाजूस, मराठी भावगीताचे मार्दव दुसऱ्या बाजूस, आणि शाळेत सकाळची प्रार्थना. एका मुंबईकर मुलाच्या कानावर इतके संस्कार एकदम पडत होते.

बारावीनंतर काय, या प्रश्नाला त्या काळी मध्यमवर्गीय घरांत दोनच उत्तरे होती, आणि १९८३ साली दुसऱ्या उत्तराचे दार एकाएकी रुंद झाले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. आमच्या जिल्ह्यात लोणीला प्रवरा परिसरात आणि संगमनेरला अमृतवाहिनीचे अशी महाविद्यालये याच लाटेत उभी राहिली. साखर कारखान्याच्या चिमणीशेजारी अभियांत्रिकीची इमारत, हे दृश्य तेव्हापासूनचे. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यातील आपल्या कॅथलिक कुटुंबांनीही मिशनशाळेतून पुढे गेलेली मुले तेथे धाडली. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या रानात मजुरी केली, त्यांच्या घरात नातू अभियंता झाला, ही लहान गोष्ट नव्हे. नवी मुंबईत याच वर्षी रामराव आदिक यांच्या नावाचे तंत्रमहाविद्यालय निघाले. श्रीरामपूर भागातील वाचकांना आदिक हे नाव परके नाही. महादेवन यांनी संगणकशास्त्रातील अभियांत्रिकी पदवी घेतली ती या संस्थेतून, १९८८ साली.

पदवीनंतर त्यांनी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची नोकरी धरली. ओरॅकल या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या सहाव्या आवृत्तीच्या कामात ते होते. ज्या वाचकांची मुले या क्षेत्रात आहेत, त्यांना त्या नोकरीचे मोल वेगळे सांगायला नको. १९८८ नंतरची ती वर्षे म्हणजे आपल्याकडील संगणक-व्यवसायाची पहाट. त्याच्या बरोबरीने शिकलेले कित्येकजण पुढे परदेशी स्थायिक झाले असतील. महादेवन यांनी ती वाट सोडली.

सोडली, पण कशाच्या बळावर? येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. नोकरी सोडतेवेळी त्यांच्या पाठीशी वीस वर्षांचा रियाज होता. दोन संगीतपद्धतींचे गुरू होते. लहानपणापासून ध्वनिमुद्रण कसे चालते हे त्यांनी पाहिले होते. म्हणजे पोहता येणारा माणूस नावेतून उतरला होता. एखादा मुलगा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात टाळ्या मिळाल्या म्हणून तिसऱ्या वर्षाला पुस्तके बाजूला ठेवतो आणि महादेवन यांचे नाव पुढे करतो, तेव्हा तो अर्धीच गोष्ट सांगत असतो. उलट, गाण्याने पोट भरत नाही म्हणून मुलाची पेटी माळ्यावर टाकणारे वडीलही अर्धीच गोष्ट जाणतात. महादेवन यांच्या घरच्यांनी मुलाला अभियंता केले खरे, पण त्यासाठी पाचव्या वर्षापासूनची वीणा बंद केली नाही.

आरंभीचे काम मिळाले ते जाहिरातींच्या जिंगल्सचे. तीस सेकंदांत सगळे सांगायचे, आणि उद्या सकाळी हवे म्हणजे उद्या सकाळीच. जिंगल म्हटले की नाक मुरडणारे लोक आहेत, पण त्या कामाने शिस्त लागते हे मान्य केले पाहिजे. तेथेच त्यांची गाठ पडली गिटारवादक एहसान नूरानी आणि कीबोर्डवादक लॉय मेंडोन्सा यांच्याशी. लॉय हे अलॉयसियसचे लघुरूप. जेझुइट संत अलॉयसियस गोन्झागा यांचे नाव धारण करणाऱ्या या गृहस्थाची अधिक ओळख आमच्या वाचकांना करून द्यायला नको. एक तमिळ हिंदू, एक मुसलमान, एक मेंडोन्सा. चित्रपटातील अमर, अकबर आणि अँथनी हे पटकथेने एकत्र आणले होते, हे तिघे कामाने एकत्र आले.

मात्र या तिघांनी जे काम केले ते सेबॅस्टियन डिसोझांच्या काळात निराळ्या रीतीने होत असे. पूर्वी शंभरापर्यंत वादक एका मोठ्या दालनात बसत. एकाचा सूर चुकला की सारा टेक पुन्हा. सकाळी सुरू झालेले गीत संध्याकाळी पुरे व्हायचे. व्हायोलिनच्या रांगेत गोव्याचे, वसईचे, मंगळूरचे ख्रिस्ती वादक ओळीने बसलेले असत. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि संगणक आले. १९९२ सालच्या 'रोजा'नंतर तर हा प्रवाह अडविणे कोणालाच शक्य राहिले नाही. व्हायोलिनांचा समूह एका कळीतून निघू लागला. ताल संगणकात भरून ठेवता येऊ लागला. गायक आज येतो, बासरीवाला परवा, आणि त्यांची भेटही होत नाही. ज्याला पूर्वी स्वरलिपी लिहिता येणे आवश्यक होते, त्याला आता संगणक चालविता येणे आवश्यक झाले. महादेवन यांना तो चालविता येत होता.

हे यश आम्ही कमी लेखीत नाही. पण त्याच वर्षांत मुंबईच्या कित्येक व्हायोलिनवादकांनी वाद्य पेटीत ठेवून दिले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. धर्मग्रामाच्या शाळेत शिकलेली विद्या घेऊन दोन-तीन पिढ्या ज्या धंद्यावर जगल्या, तो धंदा सुमारे दहा वर्षांत आटला. त्यास महादेवन जबाबदार होते असे कोणी म्हणणार नाही, यंत्र कोणासाठी थांबत नाही. तरीही नव्या यंत्राचे कौतुक करताना जुने हात विसरणे हे कृतघ्नपणाचे होईल.

अभियंत्याच्या शिक्षणाचा संगीतास काही उपयोग होतो काय, हा प्रश्न केवळ आपल्याकडे पडलेला नाही. युरोपात तो फार वेगळ्या रीतीने सुटला. यानिस झेनाकिस हा ग्रीक तरुण अथेन्सच्या तंत्रविद्यापीठात स्थापत्य शिकला. यादवीत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा एक डोळा गेला. १९४७ साली तो पॅरिसला पळून आला आणि ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत कामास लागला. चंदीगड वसविणारा तो हाच ल कॉर्ब्युझिए, आणि त्या कामातही झेनाकिसचा हात होता. संगीत शिकण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. तो ऑलिव्हिए मेसियाँकडे गेला. मेसियाँ हे निष्ठावंत कॅथलिक, पॅरिसच्या पवित्र त्रैक्य मंदिरात १९३१ पासून मरेपर्यंत, साठ वर्षे, ऑर्गन वाजविणारे. तिशीला आलेल्या या माणसाला त्यांनी पहिलीपासून हार्मनी गिरवायला लावली नाही. तुला गणित येते, बांधकाम येते, तू ग्रीक आहेस, तेच तुझ्या संगीतात आण, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता.

झेनाकिसने तो शब्दशः पाळला. १९५५ साली त्याची 'मेतास्तासिस' ही रचना सादर झाली. तिच्यात प्रत्येक तंतुवाद्य स्वतंत्र वळणाने सरकते, आणि ती वळणे आलेखाच्या कागदावर आखलेली होती. त्याच सुमारास ल कॉर्ब्युझिए लियाँजवळ ला तूरेत येथे डॉमिनिकन संघासाठी मठ बांधीत होता. तेथील काचांच्या उभ्या पट्ट्या झेनाकिसने आखल्या, त्यांची अंतरे कोठे दाट, कोठे विरळ, संगीतातल्या लयीसारखी. वैऱ्यांनी अंध केलेला डोळा घेऊन फिरणाऱ्या, धर्माशी फारसे नाते नसलेल्या या माणसाच्या लयीतून आजही त्या मठात प्रकाश पडतो. झेनाकिस २००१ साली निवर्तला.

महादेवन यांचा मार्ग हा नव्हे. त्यांनी गणिताला संगीत केले नाही. त्यांच्या बाबतीत अभियांत्रिकी ही आखणीच्या सवयीत दिसते. १९९८ साली त्यांचे 'ब्रेथलेस' निघाले, शब्द जावेद अख्तर यांचे. सुमारे तीन मिनिटे शब्दांची साखळी तुटत नाही, गायक श्वास घेतो कोठे हे ऐकणाऱ्यास कळत नाही. तीन मिनिटे एका श्वासात कोणी गाऊ शकत नाही हे उघड आहे. खुबी आहे ती श्वास लपविण्यात, म्हणजे शब्दांच्या मांडणीत, चालीच्या वळणांत आणि ध्वनिमुद्रणाच्या जोडकामात. सांधा दिसू न देणे हे चांगल्या सुताराचे लक्षण, तसेच चांगल्या आज्ञावलीचेही. त्या वर्षी रिक्षापासून लग्नमंडपापर्यंत ते गीत वाजत होते आणि कॉलेजातील मुले ते म्हणण्याच्या पैजा लावीत होती. आमच्या मते महादेवन यांचे हे सर्वोत्तम काम नव्हे. मात्र लोकांना त्यांचे नाव कळले ते यामुळे.

तिघांचा पहिला मोठा चित्रपट दिग्दर्शक मुकुल आनंद यांच्या मृत्यूमुळे १९९७ साली अपुरा राहिला. १९९९ च्या 'रॉकफर्ड'ला त्यांचे संगीत होते. हा चित्रपट मिशनच्या वसतिशाळेतील मुलांचा, आणि त्याचा दिग्दर्शक नागेश कुकुनूर स्वतः रसायन अभियंता. पुढे २००१ सालचा 'दिल चाहता है' आला आणि हिंदी चित्रपटगीताचा आवाजच पालटला. 'कल हो ना हो'च्या संगीताला तिघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गायक म्हणून महादेवन यांना असा पुरस्कार तीनदा लाभला, त्यांपैकी एक 'तारे जमीन पर'मधील आईला उद्देशून असलेल्या गीतासाठी. २०१९ साली पद्मश्री. ही यादी वाढविण्यात अर्थ नाही. वाचकांनी त्यांतील बहुतेक गीते ऐकलेली आहेत.

आम्हांस अधिक बोलायचे आहे ते 'कट्यार काळजात घुसली'विषयी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ सालचे, म्हणजे महादेवन यांच्या वयाचे. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे. गोव्याच्या मंगेशीतून आलेल्या अभिषेकीबुवांनी मरगळलेल्या मराठी नाट्यसंगीतात जो प्राण फुंकला, त्याचे हे नाटक म्हणजे कळस. वसंतराव देशपांडे यांनी त्यातील खाँसाहेब अजरामर केला. अशा कृतीवर सुबोध भावे यांनी चित्रपट करायचा ठरविला आणि संगीतासाठी शंकर-एहसान-लॉय यांना बोलाविले, तेव्हा जाणत्यांच्या मनात शंका आली असल्यास ती गैर नव्हती. हात लावावा तर जुने बिघडते, न लावावा तर नवे करायचे कशाला?

त्यांनी जुनी पदे ठेवली आणि त्यांच्या शेजारी नवी रचली. या नव्या रचना ऐकताना आम्हांस खळ्यांची आठवण होते. शब्द चिरडला जात नाही, आलाप शब्दाच्या आड येत नाही. नाटकातला झगडा दोन घराण्यांचा, दोन गायकींचा आहे. एक गायकी नम्रतेची, दुसरी पराक्रमाची. चित्रपटात पंडित भानुशंकर शास्त्री यांची भूमिका स्वतः महादेवन यांनी केली. खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायिले. आणि भानुशंकरांचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गायिले अभिषेकीबुवांचे प्रत्यक्ष शिष्य, पुण्याचे महेश काळे. त्यातील एका नव्या पदासाठी काळे यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे महेश काळेही अभियांत्रिकी शिकलेले. अमेरिकेत जेझुइटांच्या सांता क्लारा विद्यापीठात त्यांचे पदव्युत्तर शिक्षण झाले. म्हणजे गुरुशिष्यपरंपरेचे गुणगान करणाऱ्या या चित्रपटात गुरूचे काम करणारा एक अभियंता आणि शिष्याच्या आवाजात गाणारा दुसरा. दोघांनीही विद्या घेतली ती मात्र गुरूच्या पायाशी बसूनच, आणि यंत्राने ती सोपी झाली असे दोघांच्या गाण्यावरून वाटत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये, दिवाळीत, हा चित्रपट लागला तेव्हा तालुक्याच्या गावांतूनही लोकांनी रागदारीसाठी तिकिटाच्या रांगा धरल्या. असे फार वर्षांत झाले नव्हते.

त्यानंतरचा टप्पा 'शक्ती' या वाद्यवृंदाचा. जॉन मॅक्लॉफ्लिन आणि उस्ताद झाकिर हुसेन यांच्यासमवेत महादेवन त्यात गात होते. 'धिस मोमेंट' या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेस फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिरभाई गेले. तेही माहीमच्या सेंट मायकल शाळेचे विद्यार्थी. सकाळी मदरसा, मग शाळेत ख्रिस्ती भजने, घरी तबला, असे आपल्या बालपणाचे वर्णन ते करीत. स्वतः महादेवन यांनी आपल्या नावाची संगीतशाळा काढून इंटरनेटवरून शिकविण्याची व्यवस्था केली आहे. येथे मात्र त्यांची पदवी उघड उघड कामी आलेली दिसते. परदेशात वाढणारे मराठी आणि तमिळ मूल आपल्या खोलीत बसून सा लावते आणि दुसऱ्या खंडातील गुरू त्याची चूक सुधारतो.

आमच्या धर्मग्रामांत या साऱ्याचे पडसाद कसे उमटले? संगणकाची सोय मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत थांबली नाही. ती कीबोर्डच्या रूपाने आमच्या मंदिरांतही आली. कळ दाबली की ताल सुरू होतो आणि रविवारची मिस्सा पार पडते. वाजविणारा बहुधा अभियांत्रिकीचा किंवा तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी असतो, हौशी आणि सेवाभावी. त्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याच्या यंत्रात भरलेला ताल जपानात तयार झालेला असतो, आणि आमची जुनी भजने त्या तालात बसविताना त्यांचे कोपरे छाटले जातात. नगरच्या ख्रिस्ती समाजाला भजनाची आणि कीर्तनाची केवढी परंपरा आहे! एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, नारायण वामन टिळक राहुरीत आणि नगरात राहून रचना करीत होते. ते प्रॉटेस्टंट मिशनचे, पण त्यांची भजने आपल्याही मंदिरांत पोहोचली. पेटी, मृदंग, टाळ एवढ्यावर ती चालत.

त्या चाली लिहून ठेवल्या गेल्या असत्या तर आजच्या विद्यार्थ्याला त्या कीबोर्डवरही शुद्ध वाजविता आल्या असत्या. त्या लिहिल्या का गेल्या नाहीत, याचे उत्तर इतिहासात आहे. गोव्यात मेस्त्रीचा खर्च देऊळ शतकानुशतके सोशीत आले. आमच्याकडील मिशन त्यामानाने कालचे. जर्मन भाषिक जेझुइट धर्मगुरू आले तेव्हा दुष्काळ होता. आधी धान्य, मग विहीर, मग शाळा आणि वसतिगृह, हा क्रम अपरिहार्य होता. १९०३ साली केंदळला फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला, तेव्हा वाचायला शिकलेल्या मुलांच्या हाती देण्यास मराठी मासिक तरी झाले. स्वरलिपी शिकविण्याची पाळी येण्यापूर्वीच पहिले महायुद्ध पेटले, जर्मन मिशनऱ्यांना ब्रिटिश सरकारने अटकेत ठेवले आणि मायदेशी धाडले. उरलेल्या थोड्या धर्मगुरूंवर डझनावारी खेड्यांचा भार पडला. चाली राहिल्या त्या मास्तरांच्या आणि भजनी मंडळींच्या गळ्यात. ज्या गावी मास्तरांचा मुलगा गाणारा निघाला तेथे त्या टिकल्या. हरेगावच्या यात्रेत मतमाऊलीसमोर रात्री भजनाला बसणाऱ्या वृद्ध मंडळींत त्यांपैकी काही आजही ऐकू येतात, एकच भजन दोन गावांच्या दोन चालींत.